भोजराजाचे गुपित आणि मराठीची कुलपे

धारच्या परमार राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. लाकडी विमानापर्यंतची अद्भुत वर्णने त्यात आहेत. यंत्रे घडवावीत कशी, एवढे मात्र नाही. हे मौन अज्ञानापोटी नसून गुप्ततेसाठी आहे, असा खुलासा ग्रंथकारानेच केला आहे. परिणाम उघड आहे. वर्णने उरली, यंत्रे गेली.

मायक्रोसॉफ्टनेही आज्ञावली रचण्याची आपली साधने दीर्घकाळ अशीच कुलपात ठेवली होती. २००१ साली लिनक्सला कर्करोगाची उपमा देण्यापर्यंत तिच्या तत्कालीन प्रमुखांची मजल गेली होती. त्याच कंपनीने १२ नोव्हेंबर २०१४ रोजी ‘डॉट नेट’ची मूळ संहिता खुली करून ती लिनक्स व मॅकवरही चालविण्याचे जाहीर केले आणि २०१६ साली तसे करून दाखविले. हे हृदयपरिवर्तन नव्हे. विंडोज विकण्यापेक्षा दूरस्थ संगणक भाड्याने देण्यात नफा अधिक, हा हिशेब त्यामागे होता. शिवाय दोष शोधून काढणारे तिचे साधन कंपनीच्याच संपादकांत वापरावे, ही अट राहिलीच! तथापि हेतू व्यापारी असला तरी उघडलेले दार उघडेच असते, म्हणून आम्ही त्याचे स्वागत करतो.

आमचे दुखणे घरातले आहे. देवासच्या नोटांच्या छापखान्यातील शाईचे घटक गुप्त राहिलेच पाहिजेत. त्याविषयी दुमत नाही. पण ‘क’ आणि ‘ख’ कोणत्या सांकेतिक अंकाने साठविला, यात राष्ट्राचे कोणते गुपित दडले होते? भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ साली ठरले असतानाही मराठी टंक विकणाऱ्यांनी आपापले निरनिराळे संकेत वापरले. एकाच्या टंकात जुळविलेला मजकूर दुसऱ्याच्या टंकात उघडला, की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उभी राहते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे कितीतरी मराठी लेखन अशा तबकड्यांत अडकले आहे. रूपांतराची साधने निघाली, पण जोडाक्षरांपाशी ती अडखळतात आणि मुद्रितशोधकाला पुन्हा ओळीनओळ वाचावी लागते.

हे टंक आता कोणी विकत घेणार नाही. त्यांचे गुपित राखून कोणाची तिजोरी भरणार नाही. मग विक्रेत्यांनी आपले संकेततक्ते प्रसिद्ध का करू नयेत? एकेका टंकाचा तक्ता म्हणजे चार-दोन पानांचा कागद. राज्य मराठी विकास संस्थेने ते मागवून घ्यावेत आणि ज्या संस्था बंद पडल्या, त्यांच्या जुन्या कर्मचाऱ्यांचा शोध त्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे तोवर घ्यावा.