मागच्या आसाची गुणगुण

वाचकहो, काडू मल्लेश्वराच्या ज्या देवळावरून बंगळूरच्या मल्लेश्वरम वस्तीस नाव मिळाले, त्या देवास शहाजीपुत्र व्यंकोजीराजांनी १६६९ साली दान दिल्याचा शिलालेख आहे. तेव्हा तेथे एखादे मराठी बिऱ्हाड भेटले तर आपण नवल मानू नये. अशाच एका बिऱ्हाडाची जुनी ॲम्बॅसडर मागून गुणगुणू लागली. घरच्या मंडळींना लग्नासाठी बेळगावास जावयाचे होते. एका मिस्त्रींनी गाडीतून फेरीही न मारता "क्राउन-पिनियन गेले, जोडीच बदला" असा निकाल दिला. ज्या गाडीचे उत्पादन २०१४ सालीच थांबले, तिची ही जोडी शोधणे म्हणजे पैसा आणि मुहूर्त दोन्ही घालविणे! मला बोलावणे आले ते काही यंत्रज्ञ म्हणून नव्हे; माझे कान बरे आहेत एवढ्याचसाठी.

गाडी उभी ठेवून इंजिन जोराने फिरविले; गुणगुण नाही. एकाच वेगाने तिसऱ्या व चौथ्या गियरमध्ये गाडी चालविली. सूर तोच राहिला. म्हणजे दोष इंजिनात नाही, गियरपेटीतही नाही, तर तिच्या मागे आहे.

आता सुराचा हिशेब पाहा. समजा, क्राउनला ४१ दाते आहेत आणि चाकाचा घेर सुमारे दोन मीटर आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाक सेकंदास आठांहून थोडे अधिक फेरे घेते आणि पिनियनचे दाते क्राउनच्या दातांवर सेकंदास सुमारे ३४० वेळा भिडतात. तो झाला बारीक, गाता सूर. वेग निम्मा केला की तो बरोबर एक सप्तक उतरतो. चाकाच्या बेअरिंगचा आवाज सहसा जाडाभरडा, घरघरणारा असतो. (मृदंग व तबल्याच्या नादाचा शास्त्रीय अभ्यास करणारे सर चं. वें. रामन याच मल्लेश्वरममध्ये राहत असत. अशा ठिकाणी कानावर विश्वास ठेवण्यास संकोच कसला?)

चाकाचा संशय असेल तर मोकळ्या रस्त्यावर हळूच वळण घ्यावे. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो. घरघर तेव्हा वाढली तर डावे बेअरिंग तपासावे. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटच्या रस्त्यावर येताच आवाज पालटला, तर तो बहुधा टायरचा. आमच्या गाडीत या दोहोंपैकी काहीच घडले नाही. ॲक्सिलरेटर दाबला की गुणगुण येई, पाय उचलला की थांबे. जोर लावताना दातांची एक बाजू भिडते, पाय उचलल्यावर दुसरी. म्हणून हे लक्षण पिनियनकडेच बोट दाखविते. मिस्त्रींचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता, उतावळा मात्र होता.

कारण पिनियन बिघडले की त्याला धरणारे बेअरिंग, हा प्रश्न उरतोच. दुसऱ्या एका मिस्त्रींनी डिफरन्शियलची बुची काढून बोट घातले, तर तेल लागेना. पिनियनपाशी तेलसील झिरपून धूळ चिकटली होती. या जातीच्या दातांना एकमेकांवर घसरतच फिरावे लागते; त्यांना साधे इंजिन-ऑईल पुरत नाही, दाब सोसणारे खास तेल लागते. पुढे दांडा धरून हलविला तेव्हा पिनियनच हलले! जोर लागला की ते जागेवरून सरकत होते आणि दाते भलत्याच ठिकाणी भिडत होते. डिफरन्शियल उघडून दातांना शेंदूर माखला व क्राउन फिरविले. शेंदराचा ठसा दातांच्या टोकाकडे उमटला. दाते मात्र शाबूत होते. बेअरिंगे व सील बदलली, पिनियन नेमक्या खोलीवर बसविले, पुन्हा शेंदूर लावला. ठसा मध्यावर आला. या कामास पूर्ण दिवस गेला. कोणी तासाभरात करून देतो म्हणाला, तर आपण तेथून गाडी परत आणावी हे बरे.

ताशी साठाच्या पुढे अजून किंचित सूर येतो. झिजलेली जोडी पूर्ण मुकी सहसा होत नाही. लग्न मात्र मुहूर्तावर लागले.

आपली मोटार पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असेल, तर हे डिफरन्शियल मागे नसतेच. मागून आवाज आल्यास आधी टायर व चाकांची बेअरिंगे पाहावीत. आणि कोणतीही गाडी तपासताना उतारावर न्यूट्रल करून किल्ली फिरवू नये, सुकाणू अडकते.