गिरणगावचा बाजार आणि कामगाराचा वाटा

परळचा कायापालट झाला, असे म्हणण्याची आता रीतच पडली आहे. जिथे पहाटे गिरण्यांचे भोंगे वाजत, तिथे आज काचेचे मनोरे उभे आहेत. त्यांच्या पायथ्याशी देशोदेशीच्या मालाची दुकाने आहेत, उपाहारगृहे आणि मद्यगृहे आहेत, एका छपराखाली अनेक पडदे असलेली चित्रपटगृहे आहेत. फिनिक्स मिलच्या आवारात तर कामगारांची पाळी संपून खरेदीदारांची पाळी सुरू झाली. जुनी चिमणी तेवढी शोभेसाठी उभी राहिली. मुंबईत कुठे खावे, काय विकत घ्यावे आणि संध्याकाळ कुठे घालवावी, याच्या ज्या याद्या छापल्या जातात त्यांत लोअर परळचे नाव वरच्या ओळीत असते. मात्र या याद्यांत एक प्रश्न कधीच विचारला जात नाही : ज्या जमिनीवर हा झगमगाट उभा आहे तिचे मोल कोणी वाढवले, आणि ते कोणाच्या पदरात पडले?

हा प्रश्न विचारणाऱ्यास लगेच प्रगतीचा शत्रू ठरवले जाते. म्हणून प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. समाजवाद्यांना करमणुकीचे वावडे नाही. दिवसभर राबलेल्या माणसाने संध्याकाळी चार घास चवीने खावेत, नाटक पाहावे, बाजारात हिंडावे, यात पाप नाही. उलट श्रमिकाला अशी फुरसत मिळावी म्हणूनच आठ तासांच्या दिवसाची लढाई लढली गेली. आक्षेप मौजेला नाही. ज्यांनी ही वस्ती उभी केली त्यांना वस्तीबाहेर काढून तिथे मौज मांडली गेली, याला आहे.

गिरणगाव हेही करमणुकीचे केंद्र होते

मनोरंजनाची कल्पना परळला मॉलवाल्यांनी आणून दिली, असा एक समज पसरवला जातो. तो इतिहासाला धरून नाही. १९२२ पासून परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटके होत. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड गाजत. भारतमाता चित्रपटगृहात मराठी चित्रपट कामगाराच्या खिशाला परवडेल अशा दरात लागत. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी याच चाळींच्या पटांगणांत घुमली. भजनी मंडळे, व्यायामशाळा, दशावतार, गणेशोत्सव हा सारा पसारा कामगारांनी आपल्या तुटपुंज्या वर्गणीतून उभा केला होता.

बाजाराचेही तसेच. लालबागच्या ज्या गणपतीसमोर आज लाखोंची रांग लागते, त्याचा उगम बाजाराच्या मागणीत आहे. पेरू चाळीजवळचा बाजार बंद पडल्यावर तिथल्या कोळी आणि छोट्या विक्रेत्यांनी हक्काच्या जागेसाठी नवस केला, आणि जागा मिळाल्यावर १९३४ मध्ये गणपती बसवला. गरीब विक्रेत्याला शहरात बसण्यापुरती जागा मिळावी यासाठी देवाला साकडे घालावे लागत होते. आज त्याच परिसरात शेकडो दुकानांना जागा आहे. फेरीवाला मात्र पूर्वीइतकाच नवसावर जगतो आहे.

आणि उपाहारगृहे म्हणाल, तर गिरणगावची खरी उपाहारगृहे म्हणजे खानावळी. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार महिन्याच्या बोलीवर या बायकांकडे जेवत. दहा-बारा जणांचा स्वयंपाक चाळीच्या एका खोलीत होई. या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १९८२ च्या संपात कामगारांची देणी थकली तेव्हा या बायकांच्या चुलीही विझल्या. गिरणीचा हिशेब मांडताना त्यांचा आकडा कुणी धरला नाही. अर्थशास्त्राच्या वहीत न चढणारे श्रम हे बहुधा बाईचे असतात.

मोल वाढले ते कसे?

अर्थशास्त्रात ‘अनर्जित वाढ’ अशी एक संज्ञा आहे. मालकाने बोट न हलवताही समाजाच्या वाढीमुळे जमिनीची किंमत वाढते, ती अनर्जित वाढ. या वाढीवर समाजाचा हक्क आहे, हे सांगणारा जॉन स्टुअर्ट मिल काही साम्यवादी नव्हता. हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये हाच विचार ग्रंथरूपाने मांडला. गिरणगावाइतके त्याचे ठसठशीत उदाहरण शोधूनही सापडणार नाही. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढील शंभर वर्षांत रेल्वे आली, पाणी आले, रस्ते आले, ते सार्वजनिक पैशातून. माणसे आली ती रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांच्या खेड्यांतून. गावच्या शेतीने त्यांना लहानाचे मोठे केले, म्हातारपणी पुन्हा पोसले. गिरणीने फक्त त्यांची उमेदीची वर्षे वापरली. अशा रीतीने जे सुमारे सहाशे एकरांचे क्षेत्र शहराच्या मध्यभागी येऊन बसले, त्याची किंमत मालकाच्या कल्पकतेने वाढली असे कोणी म्हणावे?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संपाने गिरण्या बुडवल्या, असे आजही सांगितले जाते. वस्तुतः यंत्रसामग्रीचे नूतनीकरण टाळणे, नफा इतर उद्योगांकडे वळवणे आणि यंत्रमागाकडे काम पाठवणे हे उद्योग त्याआधीपासून चालू होते. संपानंतर मालकवर्गाला उमगले ते एवढेच की, कापडापेक्षा कापड विणण्याची जागा अधिक मोलाची आहे.

पुढचा अध्याय नियमावलीचा आहे, आणि कार्यकर्त्यांनी तो नीट समजून घ्यावा असा आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ढोबळ मानाने तिहेरी वाटणी ठरवली : एक तृतीयांश जमीन महापालिकेला मैदाने व उद्यानांसाठी, एक तृतीयांश ‘म्हाडा’ला सामान्यांच्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करण्याची शिफारस केली. सुटे तुकडे विकण्याऐवजी मोकळी जागा, घरे आणि रस्ते यांची एकच आखणी करावी, असा तिचा आशय होता. ती शिफारस कागदावरच राहिली. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची. शेड पाडून जी जागा मोकळी होईल ती हिशेबात धरायची नाही, असे ठरले. गिरणीची जमीन म्हणजे मुख्यतः शेडखालचीच जमीन. भावंडांनी घर वाटून घ्यायचे, पण भिंतींखालची जागा थोरल्याची आणि वाटणी तेवढी अंगणाची, अशातला हा प्रकार झाला! लोकांचा वाटा या एका दुरुस्तीने काही पटींनी आटला. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि दुरुस्ती वैध ठरवली. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य आहे. परंतु वैध आणि न्याय्य हे दोन शब्द समानार्थी नाहीत, आणि नियम करणारे सरकार लोकांनी निवडलेले असते.

सार्वजनिक मालकीच्या गिरण्यांचेही वेगळे घडले नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावाने विकल्या. मुंबई टेक्स्टाईल मिलची सुमारे सतरा एकर जागा एकट्या ७०२ कोटी रुपयांना गेली. एवढ्या किमतीला घेतलेल्या जमिनीवर चाळ उभी राहत नाही आणि खानावळही नाही. तिथे मॉल, मनोरे आणि महागडी ताटेच उभी राहतात. मॉल ही लोकांची आवड म्हणून आला असे सांगतात. तो जमिनीच्या भावाने आला, हे सत्य आहे.

‘रोजगार तर मिळाला ना?’

यावर नेहमीचा प्रतिवाद असा की, गिरणी गेली तरी नव्या उद्योगाने रोजगार दिला. दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कोणता? गिरणीकामगाराला महागाईभत्ता होता, भविष्यनिर्वाह निधी होता, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे युनियन होती. त्याचा नातू आज त्याच आवारात पहारेकऱ्याचा गणवेश घालून उभा असतो, किंवा पाठीवर पेटी बांधून मोटारसायकलवरून इतरांची जेवणे पोचवतो. त्याचा मालक कंत्राटदार आहे, आणि कंत्राटदाराचा मालक कोण हे त्याला ठाऊक नाही. दुकानातल्या मुली तासन् तास उभ्या असतात. केरळला २०१८ मध्ये आणि तामिळनाडूला २०२१ मध्ये दुकानातील कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने द्यावा लागला, यातच या ‘प्रतिष्ठित’ रोजगाराचे चित्र आले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली. ती उघडी ठेवणाऱ्या हातांना परतीच्या प्रवासाची आणि संघटनेची हमी कोण देणार?

खाजगी नफ्याचा सार्वजनिक खर्च २०१७ साली अत्यंत क्रूर रीतीने वसूल झाला. २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. गिरणीच्या काळातल्या पुलावरून मनोऱ्यांच्या काळातली गर्दी चालली होती. त्या स्थानकाचे नाव पुढे प्रभादेवी झाले. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्री, कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण दगावले. पहिल्या घटनेतले बहुतेक कामावर चालले होते, दुसरीतले मौजेसाठी आले होते. चौरस फुटांच्या हावेने दोघांतही भेद केला नाही. जे त्या आवारांत हौसेने जातात त्यांनीही हे ध्यानात ठेवावे : आपली बाजू त्यांच्या विरुद्ध नाही, त्यांच्या जिवाच्याही बाजूची आहे.

आता मागायचे काय?

गिरणीकामगारांच्या घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली, २०२० च्या सोडतीत ३,८९४. उरलेल्यांना आता कर्जत-अंबरनाथच्या बाजूला शेलू आणि वांगणी दाखवली जात आहे. ज्याने परळ उभे केले त्याने परळला यायला दोन तास लोकलने लोंबकळावे, असा हा न्याय. सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या संपकऱ्याला सोडतीची आणखी किती वर्षे वाट पाहायला लावणार?

आपल्या मागण्या मोघम असून चालणार नाहीत. गिरण्यांची जी जमीन अद्याप बांधकामावाचून आहे, विशेषतः वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यातील, तिचा एकही तुकडा लिलावात जाता कामा नये; ती कामगारांची घरे आणि मैदाने यांसाठीच राखली पाहिजे. या भागातील व्यापारी संकुलांवर जमिनीच्या अनर्जित वाढीपोटी वेगळा कर लावून तो स्थानके, पूल आणि अग्निशमन यांसाठी राखून ठेवावा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार फेरीवाल्यांना जागा आखून द्याव्यात, म्हणजे अडीचशे रुपयांच्या कॉफीशेजारी वडापावलाही कायद्याची सावली मिळेल. परळ-लालबागमध्ये महापालिकेने कामगार रंगभूमीसाठी परवडणाऱ्या दराचे नाट्यगृह कायमचे राखावे. आणि मॉलमधील पहारेकरी, सफाई कामगार, विक्रेत्या आणि पोचवणारी मुले यांच्यात संघटनेचे काम आजपासून सुरू झाले पाहिजे.

या शेवटच्या कामासाठी सरकारची परवानगी लागत नाही. मॉलच्या मागच्या दाराशी, जिथे कामगारांची झडती घेतली जाते, रात्री अकरानंतर पाळी सुटते. पूर्वी गिरणीच्या फाटकावर सभा होत असत. नव्या फाटकावर आपले कार्यकर्ते अद्याप पोचलेले नाहीत.