स्टार्टरची पेटी हलविण्यापूर्वी



विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर कोठे बसवावा, हा प्रश्न विहीर खणताना कोणी विचारीत नाही. पोल जेथे असेल, वायर जेथवर पुरेल, तेथे एक बल्ली रोवून तिला पेटी ठोकली जाते. पुढे पावसाळा येतो, विहिरीच्या काठावर चिखल होतो, थारोळ्यातले पाणी त्या बल्लीच्या बुडाशी साचते आणि घरातली कारभारीण अंधारात, ओल्या पायांनी, एका हातात बॅटरी धरून हिरवे बटण दाबायला जाते. थ्री फेज लाईन म्हणजे ४१५ व्होल्ट. चिखलातल्या अनवाणी पायाला आणि लोखंडी पेटीला ही गाठ पडली तर सुटायला वेळ मिळत नाही. बऱ्याच गावांत अजून रात्रीची पाळी असते, म्हणून हा धोका रोजचाच आहे.

तेव्हा पेटी हलवायला हवी, यात शंका नाही. मात्र ती हलविण्याचे दोन मार्ग आहेत आणि ते एकच आहेत असे समजून पुष्कळ खर्च वाया जातो.

पहिला मार्ग म्हणजे मेन स्विच, फ्यूज आणि स्टार्टर सगळेच उचलून कोरड्या, उंच जागी नेणे. येथे आधी स्टार्टर कोणता ते पाहावे. साधा डीओएल स्टार्टर असेल तर त्यापासून मोटारीपर्यंत तीन वायरी जातात. स्टार-डेल्टा असेल तर सहा लागतात. म्हणजे दहा अश्वशक्तीची मोटार आणि स्टार-डेल्टा स्टार्टर असताना पेटी शंभर मीटर लांब नेली, तर केबलचा खर्च दुप्पट होतो. शिवाय लांब केबलमध्ये व्होल्टेज पडते. पाच अश्वशक्तीची मोटार साधारण साडेसात अँपिअर घेते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमधून शंभर मीटरवर आठेक व्होल्ट जातात, ते चालते. तीनशे मीटरवर पंचवीस जातात. संध्याकाळी लाईनच मुळात ३५० वर आलेली असेल तर हे पंचवीस व्होल्ट मोटारीला जड होतात, ती जादा अँपिअर ओढते आणि तापते. म्हणून अंतर वाढले की केबल जाड घ्यावी, किंवा अंतरच कमी ठेवावे. विहिरीपासून पंधरा-वीस पावलांवर उंचवटा मिळत असेल तर घरापर्यंत पेटी नेण्याचा हट्ट कशाला?

दुसरा मार्ग असा, की स्टार्टर आहे तेथे नीट छपराखाली ठेवावा आणि फक्त चालू-बंदची बटणे दूर न्यावीत. यासाठी स्टार्टरपासून बटणांपर्यंत तीनच बारीक वायरी लागतात. लाल बटण कॉइलच्या वाटेत कडीसारखे असते. दोन लाल बटणे एकामागे एक जोडली की कोणतेही एक दाबले तरी वाट तुटते व मोटार बंद पडते. हिरवी बटणे शेजारी शेजारी जोडतात, म्हणजे कोणतेही दाबले तरी मोटार चालू होते. आता यातला फसवा भाग. वायर बारीक म्हणून ती निर्धोक, असे अनेकांना वाटते. स्टार्टरची कॉइल बहुधा दोन फेजांवर असते, म्हणून त्या बारीक वायरीतही ४१५ व्होल्टच खेळत असतात. ती कुंपणाच्या तारेला गुंडाळून नेणे म्हणजे कुंपणच जिवंत करणे. चिलखती केबल घ्यावी, अडीच-तीन फूट खोल चर खणून वाळूत पुरावी व वर विटांचा थर द्यावा, म्हणजे नांगर लागणार नाही.

सगळ्याच स्टार्टरांत ही सोय नसते. दांडा ओढून चालू करायच्या जुन्या तेलाच्या स्टार-डेल्टाला दुरून बंद करता येते, चालू करता येत नाही. झाकणाच्या आत आराखडा चिकटविलेला असतो, तो वायरमनला दाखवावा. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी, आणि मीटर किंवा सर्व्हिस वायर हलवायची असेल तर महावितरणकडे अर्ज करावा.

माझे मत विचाराल तर बटणे दूर गेल्याने एक धोका जातो आणि दुसरा येतो. पूर्वी बटण दाबणारा विहिरीवरच उभा असे. आता धनी फूटव्हॉल्व्हमधला कचरा काढायला विहिरीत उतरलेला असतो आणि लाईट आलेली पाहून घरातला पोरगा ओट्यावरून हिरवे बटण दाबतो. मोबाईलवर चालणाऱ्या स्टार्टरचे तर आणखी अवघड. मोटार विहिरीवर, मोबाईल थोरल्याच्या खिशात आणि थोरला पुण्याला! म्हणून विहिरीजवळ एक मेन स्विच राहिलाच पाहिजे. मोटारीला हात लावण्याआधी तो पाडावा, फ्यूजचे किटकॅट काढून आपल्याच खिशात घालावेत आणि वर येईपर्यंत कोणाच्या हाती देऊ नयेत. हिरव्या बटणात काडी अडकवून ‘ऑटो’ करण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी. लाईट आल्याबरोबर डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी जळते, हे तर आहेच. पण विहिरीत उतरलेल्या माणसाला ती काडी दिसत नाही.

दूर बसून चालू केले की पाणी पडते का ते दिसत नाही, ही आणखी एक अडचण. पाणबुडी मोटार पाण्यानेच थंड राहते, कोरडी चालली तर जळते. अँपिअरमीटर बटणांजवळ असावा आणि काटा नेहमीपेक्षा खाली दिसला की मोटार बंद करावी. कोरडे चालणे ओळखून आपोआप बंद करणारे साधन बसविले तर उत्तमच.

पेटीची नवी जागा ठरविताना तिची पाठ नैऋत्येला करावी, पाऊस तिकडूनच झोडपतो. उंची छातीइतकी असावी. वायरी खालून आत घ्याव्यात व भोके बुजवावीत, कारण स्टार्टर जळण्याच्या कित्येक प्रकरणांत आत मेलेली पाल किंवा मुंग्यांचा गोळाच सापडतो. उभे राहायला कोरडी लाकडी फळी टाकावी. अर्थिंग मोटारीला दोन स्वतंत्र हवीत, कायदाच तसा आहे, आणि पेटीलाही हवे. पेटी हलली की जुने अर्थिंग जुन्याच बल्लीपाशी राहून जाते, हे फार वेळा पाहिले आहे. तीस मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी बसविला आणि तो सारखा पडू लागला, तर त्याला दोष देऊन काढून टाकू नये. कोठेतरी केबलचा सांधा भिजला आहे, तो शोधावा.

नव्या जोडणीनंतर पहिल्यांदा चालू करताना एकाने विहिरीवर उभे राहावे. मोटार चालते पण पाणी नेहमीपेक्षा कमी पडते, असे दिसले तर ती बहुधा उलटी फिरत आहे. लगेच बंद करावी, मेन स्विच पाडावा आणि तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची वायरमनकडून अदलाबदल करून घ्यावी.