मापाच्या कागदाची किंमत कोणी द्यायची?

तयार कपड्यांच्या व्यवसायात 'टेक पॅक' हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. कपड्याचे पुढचे-मागचे रेखाचित्र, प्रत्येक मापाचा तक्ता, त्या मापात चालू शकणारा फरक, शिलाईसाठी सोडावयाची माया, इंचाला टाके किती, दोरा कोणता, काजे-बटणे नेमकी कोठे, हे सारे ज्यात नमूद असते असा हा काही पानांचा दस्तऐवज. इमारतीला जसा नकाशा, तसा सदऱ्याला हा. एका समाजवादी साप्ताहिकाने त्यावर अग्रलेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु नगावर शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीतून जी कपात होते, तिचे मूळ पुष्कळदा याच कागदाच्या अभावात असते.

प्रथम हिशेब पाहू. व्यावसायिकाकडून असा दस्तऐवज करून घेण्यास पाश्चात्त्य बाजारात एका नमुन्यामागे साधारणतः शंभर ते पाचशे डॉलर पडतात. अस्तराच्या जाकिटासारख्या गुंतागुंतीच्या कपड्यास त्याहून अधिक. आपल्याकडे काही हजार रुपयांत काम भागते. कटाईचा पॅटर्न आणि त्याचे लहानमोठ्या मापांतील ग्रेडिंग यांचे पैसे बहुधा निराळे. उदाहरणादाखल एकूण ४,००० रुपये धरले, तर ५०,००० नग काढणाऱ्या निर्यातदाराला हा खर्च नगामागे ८ पैसे पडतो; ५० नगांचे काम घेणाऱ्या महिला गटाला तो ८० रुपये पडतो. एका नगाच्या शिलाईला एवढी मजुरी तरी मिळते काय? कागद तोच, माहिती तीच. परंतु स्थिर खर्चाचा हा साधा नियम लहान उत्पादकाला बाजाराच्या दारातच अडवतो. त्यात ज्या संगणक-प्रणालींवर मोठ्या कारखान्यांचे पॅटर्न काढले जातात, त्या क्षेत्रातही मक्तेदारी वाढत आहे. फ्रान्समधील लेक्ट्रा या कंपनीने २०२१ साली आपली जुनी प्रतिस्पर्धी गर्बर ही अमेरिकन कंपनीच विकत घेतली.

पूर्वी हे ज्ञान कटिंग मास्तरच्या डोक्यात आणि हातात असे. योजना करणारा मेंदू आणि काम करणारा हात यांची फारकत भांडवलशाही कशी घडवून आणते, याचे विवेचन हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ सालच्या आपल्या ग्रंथात केले आहे. टेक पॅक हे त्या फारकतीचेच एक साधन आहे, आणि काही साथी त्याकडे त्याच संशयाने पाहतात. संशय रास्त आहे. पण तो पुरेसा नाही. कारण कागद नसला म्हणजे शिवणारीच्या हाती स्वातंत्र्य येते असे नव्हे. तिच्या हाती येतो एक नमुन्याचा नग आणि 'यासारखे शिवा' हा तोंडी हुकूम. माल पोचल्यावर बाही अर्धा इंच कमी भरली, की नग परत येतो आणि त्याची मजुरी कापली जाते. अर्धा इंच फरक चालेल की नाही हे कोठेही लिहिलेले नसते. म्हणून ते ठेकेदार ठरवतो. कागद करण्याचे पैसे मालकाने वाचवले, आणि त्याच्या अभावाची किंमत मात्र शिवणारीने मोजली. उलट मापे आणि चालण्याजोगा फरक लिहिलेला कागद तिच्यापाशी असेल, तर भांडताना तोच तिचा साक्षीदार होतो.

सरकारी पातळीवरही हेच घडले. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्र शासनाने 'एक राज्य, एक गणवेश' योजनेखाली कापडाची केंद्रीय खरेदी केली, कापलेले कापड पाठवले आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे सोपवली. शाळा सुरू होऊन गेल्या तरी गणवेश पोचले नाहीत. जे पोचले त्यांतील अनेक मुलांच्या अंगाला बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला आणि २०२५-२६ पासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आली. गावोगावच्या मुलांची मापे निरनिराळी. ती विचारात न घेता वरून कापलेले तुकडे खाली शिवून घेतले, की दुसरे काय होणार? तथापि बोल लागला तो शिवणाऱ्या बायकांना. सोलापुरात गणवेशाचा मोठा व्यवसाय उभा आहे. मापांचा अनुभव तेथे मुबलक होता. तो विचारण्याची बुद्धी कोणाला झाली नाही, हे आपल्या नियोजनाचे नेहमीचेच लक्षण.

आमच्या मते येथे दोन मागण्या निघतात. पहिली, नगावर काम देणाऱ्याने लेखी मापपत्रक स्वखर्चाने द्यावे. ते दिलेले नसेल तर मापाच्या सबबीवर मजुरी कापता येऊ नये. दुसरी, गणवेशासारख्या सार्वजनिक पैशाच्या वस्त्रांचे पॅटर्न सर्व मापांत शासनाने तयार करून विनामूल्य खुले करावेत. यास फार मोठा खर्च नाही. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने केंद्राच्या पैशाने सहा शहरांतील २५,००० हून अधिक लोकांची मापे घेण्याचे काम अंगावर घेतले. जनतेच्या पैशाने जमलेली मापे जनतेच्या सहकारी संस्थांना मोफत मिळाली पाहिजेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिवणकामाचे अभ्यासक्रम चालतात, आणि पॅटर्न काढण्यासाठी 'सीमली'सारख्या मोफत प्रणाली उपलब्ध आहेत. एका तालुक्यातील दहा गटांनी मिळून एक जाणकार कटिंग मास्तर पगारावर ठेवला, तरी तो चार हजारांचा कागद दहा ठिकाणी वाटला जातो.

गणवेशाच्या कामाचे दर जूनच्या कितीतरी आधी ठरतात. शाळा व्यवस्थापन समित्यांवर पालक म्हणून असलेल्या कार्यकर्त्यांनी कापडाचा विषय बैठकीत येईल त्याच दिवशी मापपत्रकाचाही ठराव मांडावा, आणि शिलाईच्या दरात नमुना नगाची मजुरी वेगळी लिहून घ्यावी.