चीज कोणाची?

परवा पुतण्या गिटार घेऊन घरी आला होता. वय वर्षं सोळा, केस डोळ्यांवर, बोटांच्या टोकांना नुकतेच घट्टे पडायला लागलेले. "काका, हे ऐक" म्हणाला आणि एक रिफ वाजवली. दोन सेकंदांत ओळखली. 'होल लॉटा लव्ह'. मी खूश! आमच्या घराण्यात कोणीतरी आपल्या वळणावर गेलं म्हणायचं. उगाच परीक्षा घ्यावी म्हणून विचारलं, "कोणाचं आहे, माहितीये ना?" त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "झेपेलिनचं. अजून कोणाचं असणार?"

आणि मी एकदम गप्प झालो. कारण हेच उत्तर मी पूर्वी एकदा दिलं होतं, आणि ते चुकलं होतं.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. साल १९८९, गाव मिरज. घरात गाणं म्हणजे फक्त शास्त्रीय. बाबा रेल्वेत होते, गात नसत, पण कान पक्का. मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाण्याच्या मैफली होतात, तिथे ते आम्हाला दरवर्षी न्यायचे. मी अर्ध्या रात्री पेंगायचो, पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात बसली आहे. गवई बंदिश सुरू करण्याआधी कोणाची, कोणाकडून मिळाली ते सांगायचा आणि नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचा. श्रोत्यांतलेही चार हात कानाकडे जायचे. बाबांचा हमखास.

आणि अशा घरात माझ्या आतेभावाने, म्हणजे दादाने, बॉम्ब टाकला. तो इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत येताना होस्टेलवर कॉपी केलेल्या कॅसेटी आणायचा. (आत्या, तुला वाटायचं तो अभ्यासाच्या कॅसेटी आणतो. आता सांगायला हरकत नाही :) ) डीप पर्पल, पिंक फ्लॉइड, डायर स्ट्रेट्स आणि लेड झेपेलिन. कव्हर नाही, माहिती नाही. दादाच्या गिचमिड अक्षरात बॅंडचं नाव, बस्स. गाण्यांची नावंसुद्धा अंदाजाने.

बाकीचे सगळे आवडलेच, पण झेपेलिनने मला धरलं ते आजतागायत सोडलं नाही. फ्लॉइड ऐकायला निवांत वेळ लागतो. पर्पल थोड्या वेळाने दमवतात. झेपेलिनचं तसं नाही. जॉन बॉनहॅमचा ढोल पोटात वाजतो. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हेडफोन लावून ऐका. १९७१ साली हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात ड्रम्स जिन्याखालच्या हॉलमध्ये मांडले आणि माइक वर जिन्यात टांगले. तो जो घुमारा आहे तो त्या घराचा आहे. बॉनहॅम १९८० साली गेला, अवघ्या ३२व्या वर्षी, आणि बाकीच्या तिघांनी बॅंडच बंद केला. त्याच्याशिवाय नाही, म्हणजे नाही. मला याचंही फार कौतुक.

तर सांगत काय होतो, १९८९. एका रविवारी मी टेपरेकॉर्डर मोठ्याने लावला होता. बाबा दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडा. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "हे कोणाचं?"

"लेड झेपेलिनचं."

"वाजवतंय कोण ते नाही विचारलं. चीज कोणाची?"

"त्यांचीच."

"हं," म्हणाले आणि गेले. ते 'हं' मला तेव्हा कळलं नाही.

खूप वर्षांनी, इंटरनेट आल्यावर, कळलं की चीज त्यांची नव्हती. म्हणजे ती रिफ जिमी पेजचीच, त्यात वाद नाही. शब्द मात्र बरेचसे विली डिक्सनचे. हा मिसिसिपीत जन्मलेला, शिकागोच्या चेस रेकॉर्ड्ससाठी लिहिणारा माणूस. त्याचं 'यू नीड लव्ह' मडी वॉटर्सने १९६२ साली गायलं होतं. झेपेलिनचा दुसरा अल्बम १९६९चा. त्यावर डिक्सनचं नाव नव्हतं. १९८५ साली डिक्सनने खटला भरला, १९८७ साली तडजोड झाली आणि नाव लागलं. म्हणजे मी बाबांना ते बाणेदार उत्तर दिलं तेव्हा प्रकरण मिटून दोन वर्षं झाली होती. पण दादाच्या कॅसेटवर ते कुठून येणार?

आणि हे एकच गाणं असतं तर गोष्ट वेगळी. त्याच अल्बमवरचं 'ब्रिंग इट ऑन होम' हेही डिक्सनचं देणं. 'द लेमन साँग'मध्ये हाउलिन वुल्फचं 'किलिंग फ्लोअर'. दोन्हींचे वाद १९७२ साली मिटले. पहिल्या अल्बमवरचं 'बेब आय ॲम गॉना लीव्ह यू' पारंपरिक म्हणून छापलं, ते ॲन ब्रेडन या बाईंचं निघालं, त्यांचं नाव १९९० साली लागलं. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' तर जेक होम्स त्याच नावाने १९६७ पासून गात होता. 'स्टेअरवे टू हेवन'वरही २०१४ साली खटला झाला, पण तो झेपेलिनने जिंकला आणि २०२०मध्ये वरच्या कोर्टातही निकाल कायम राहिला. माझ्या मते बरोबरच. तसे उतरते सूर कोणाच्या मालकीचे नसतात.

आता माझं मत. झेपेलिन चोर आहेत, असं म्हणून हात झटकणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. उचलणं हा गुन्हाच नाही. ब्लूज तसाच वाढला, एकाची ओळ दुसऱ्याच्या गाण्यात, दुसऱ्याची चाल तिसऱ्याच्या गळ्यात. आणि आपल्याकडे तरी काय? एकच बंदिश शंभर गवई गातात. बंदिश कोणी बांधली यापेक्षा तू ती कशी फुलवलीस ते बघतो आपण. 'लेव्ही' मूळ १९२९चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉयचं, मिसिसिपीला १९२७ साली आलेल्या महापुरावरचं. दोन गिटार आणि एक आवाज. झेपेलिनने त्यात पूरच आणून सोडला. गंमत म्हणजे याच गाण्यावर मिनीचं नाव पहिल्यापासून छापलेलं आहे. नाव दिलं म्हणून त्यांचं काय बिघडलं? गाणं तसूभरही लहान झालं नाही.

माझा राग आहे तो एवढाच. सदारंगाने ख्यालात स्वतःचं नाव गुंफून ठेवलं, आज अडीच-तीनशे वर्षांनी ते गवयाच्या तोंडून आपोआप निघतं. तुकोबांचा अभंग कोणीही, कुठेही गाऊ दे, शेवटी 'तुका म्हणे' येणारच. आपल्या लोकांनी नाव गाण्याच्या आतच बांधून टाकलं, पुसायची सोय ठेवली नाही. ब्लूजवाल्यांचं नाव तबकडीच्या लेबलावर होतं, आणि लेबल बदलता येतं. शिवाय तिथे नावामागे पैसा येतो. लाखोंनी खपलेल्या अल्बमवर नाव नसणं म्हणजे नुसता अपमान नव्हे, घरात यायचे पैसे न येणं आहे.

"तेव्हा सगळेच असं करायचे," हा बचाव मी स्वतः खूप वर्षं केला. अर्धा खरा आहे. रोलिंग स्टोन्सनी १९६९ साली रॉबर्ट जॉन्सनचं गाणं घेतलं तेव्हा त्यावरही त्याचं नाव नव्हतं. पण याच स्टोन्सनी १९६५ साली अमेरिकेत टीव्हीवर जाताना हाउलिन वुल्फलाही बोलवा असा आग्रह धरला आणि तो गात असताना त्याच्या पायाशी बसले. त्यांचा कानाला हातच तो! डीप पर्पलच्या 'चाइल्ड इन टाइम'ची सुरुवात 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बॅंडच्या 'बॉम्बे कॉलिंग'वरून घेतली, हे इयन गिलनने मुलाखतीत हसत हसत सांगितलं आहे. म्हणजे तेव्हाही करता येत होतं.

बॉम्बेवरून आठवलं. १९७२ साली पेज आणि प्लँट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' पुन्हा रेकॉर्ड केली. तबला, व्हायोलिनं, सगळा थाट. ती रेकॉर्डिंग २०१५ साली 'कोडा'च्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आली. मी अधाशासारखी ऐकली. गाण्यांच्या यादीत आपल्या माणसांचं नाव काय? 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. इतकंच. तेव्हा डिक्सनच्या घरच्यांना काय वाटलं असेल ते मला जरा जास्त कळलं.

म्हणून झेपेलिन ऐकणं सोडलं का? नाही. सोडवतच नाही. फक्त आता मूळ गाणं आधी ऐकतो, मग त्यांचं. मडी वॉटर्सचा तो सावकाश, खात्रीचा आवाज, मग प्लँटची किंकाळी. दोन्ही जास्त आवडायला लागली आहेत. आवडत्या बॅंडचा दोष माहीत असून तो आवडता राहू शकतो, घरातल्या माणसांचं तसंच असतं की.

बाबांना हे सांगायचं राहून गेलं. कळलं तेव्हा ते नव्हते. त्यांनी 'हं' म्हटलं ते इतिहास माहीत होता म्हणून नक्कीच नाही. कोणतीही चीज आकाशातून पडत नाही, एवढंच त्यांना माहीत होतं, आणि त्यांच्या हिशेबी मी नाव न घेता चीज ऐकवली होती.

असो. पुतण्याला मी तिथल्या तिथे मडी वॉटर्स लावून दिला. अर्ध्या मिनिटात त्याचे डोळे मोठे झाले. "काका, हे तर तेच आहे!" मग विचारलं, "हे कोणाचं?"

"गातोय मडी वॉटर्स," मी म्हटलं, "पण चीज विली डिक्सनची." आणि खरं सांगतो, हात आपोआप कानाकडे गेला. तो हसला. हसू दे.