आजींची तूर आणि माझे घाईचे बोट



परवा एका गावी पिकाच्या बैठकीला गेलो होतो. बैठक उठल्यावर एक तरुण शेतकरी मला म्हणाला, "साहेब, ते ई-पीक पाहणीचं मी गावातल्या एका पोराकडून करून घेतो. आपल्याला न्हाई जमत ते मोबाईलचं." गंमत अशी, की हे सांगत असताना त्याच्याच मोबाईलवर गाणे वाजत होते! सगळे हसले, मीही हसलो. पण मनातून मी थोडा वरमलो. कारण 'आपल्याला जमत नाही' असे न म्हणता 'आपल्याला सगळे जमते' अशा तोऱ्यात मी एकदा जी चूक केली, ती मला आठवली. आज तीच सांगतो.

सातबारा म्हणजे दोन नमुन्यांचा जोड. नमुना सात सांगतो जमीन कोणाची, आणि नमुना बारा सांगतो त्या जमिनीत काय पेरले. पूर्वी पिकाची ही नोंद तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद आपल्याच मोबाईलवरून करण्याचे काम शेतकऱ्याच्या हाती आले. ते शिकवायला आम्हाला गावोगाव धाडले. मी कृषी पदवीधर खरा, पण मी शिकलो तेव्हा संगणक म्हणजे कुलपातल्या खोलीतली वस्तू. मोबाईलवर फोन घ्यावा आणि फोन करावा, एवढीच माझी मजल. तरी 'मला येत नाही' हे चारचौघांत सांगायची लाज वाटली. अर्धा तास एका सहकाऱ्याच्या खांद्यावरून पाहिले आणि निघालो गुरुजी होऊन!

त्या खरिपात एका गावी एक आजी भेटल्या. नवरा वारलेला, मुलगा कामासाठी पुण्याला. दोन एकर रान त्या स्वतःच करीत. रानात सोयाबीन, आणि त्यात तुरीचे आंतरपीक. मी म्हणालो, "आजी, द्या इकडं, दोन मिनिटांत भरून देतो." नात जवळ उभी होती, नववीत शिकणारी. ती म्हणाली, "साहेब, मला पण दाखवा ना." मी म्हटले, "थांब बाई, आधी होऊ दे." गट क्रमांक निवडला, हंगाम निवडला. पुढे विचारले होते, निर्भेळ पीक की मिश्र पीक? वाचायची तसदी कोण घेतो? मी निर्भेळ दाबले, सोयाबीन निवडले, सगळे क्षेत्र त्याच्याच नावे टाकले, फोटो काढला आणि माहिती पाठवून मोकळा झालो.

पुढच्या जानेवारीत आजी तूर घेऊन हमीभावाच्या खरेदी केंद्रावर नाव नोंदवायला गेल्या. तिथे सातबारावरचा पीकपेरा पाहतात. सातबारावर तूर नव्हतीच! रानात उभी राहिलेली, आजींनी स्वतः कापलेली, बडवलेली तूर कागदाच्या हिशेबी उगवलीच नव्हती. त्या वर्षी तुरीचा हमीभाव क्विंटलला ६३०० रुपये होता. आजींनी चार क्विंटल तूर व्यापाऱ्याला ५९०० रुपयांनी घातली. म्हणजे सोळाशे रुपये गेले. नोकरदाराला ही रक्कम लहान वाटेल, पण आजींच्या घरी ती नातीची वर्षाची वह्या-पुस्तके होती.

मला कळले तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो आणि चूक कबूल केली. आजी म्हणाल्या, "जाऊ द्या सायेब, तुमी भल्यासाठीच केलं. पण मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं, तूर हाय म्हणून." हे वाक्य मला रागावण्यापेक्षा जास्त लागले. त्यांचे रान त्यांना पाठ होते, मला नुसते बटण ठाऊक होते. आणि ते बटणही धड ठाऊक नव्हते.

त्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर बसून नातीला म्हणालो, "आता तू मला शिकव." पोरीने अॅप उघडले आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची, आजींना विचारायचे, मगच बोट ठेवायचे, अशी रीत घातली. मुलगी वाचते, आजी सांगतात, आणि पन्नाशीकडे झुकलेला कृषी अधिकारी बाजूला बसून शिकतो! त्याच रीतीने मी पुढे गावोगाव शिकवले. तीच तुम्हाला देतो.

पहिली गोष्ट, नोंद रानात उभे राहूनच करा. फोटोबरोबर जागेचीही नोंद जाते, त्यामुळे पारावर बसून काढलेला फोटो उपयोगाचा नाही. रानात रेंज नसेल तर माहिती भरून साठवा आणि गावात आल्यावर पाठवा. पण पाठवायला विसरू नका.

दुसरी गोष्ट, आंतरपीक असेल तर मिश्र पीक निवडा आणि प्रत्येक पिकाचे क्षेत्र वेगळे भरा. विहीर, बोअर, बांधावरची झाडे यांचीही नोंद राहून जाते, तीही करा.

तिसरी गोष्ट, पाठवल्यावर लगेच नोंद उघडून पाहा. २०२१ मध्ये आपली चूक आपल्याला सुधारता येत नव्हती. २०२२ मध्ये सुधारलेले अॅप आले आणि ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्ती करण्याची सोय झाली. ती वेळ गेली की तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, खेटे आले.

चौथी गोष्ट, मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. जत्रेच्या दिवशी सगळे एकाच एस.टी.त चढू पाहतात, तशी तेव्हा गत होते.

आणि शेवटची, मोबाईलवर येणारा संकेतांक फोनवरून कोणालाही सांगू नका. तो घरच्या किल्लीसारखा आहे.

मदत जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. पण नेहमी दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नका. मोबाईल पोराच्या हाती असला तरी पिकाची माहिती तुमच्या तोंडची असू द्या. आणि घरात सातबारा ज्याच्या नावाचा असेल तो असो, रानात खुरपे चालवणाऱ्या लेकी-सुनांना नोंद करताना जवळ बसवा. कोणत्या तासात काय आहे, ते त्यांना नेमके ठाऊक असते.

आजींच्या सातबारावर पुढच्या खरिपात सोयाबीनही लागले आणि तूरही. नोंद नातीने केली. मी नुसता बांधावर उभा होतो. यंदा तुमच्या घरी हे काम कोण करणार, ते आजच ठरवा. रामराम.