सेकंड-हँड एक्सपल्स घेताय? आधी जीएसटीचं गणित करा

गाडी बघायला जाता, बघताक्षणी आवडते आणि मालक सुरू होतो, "शोरूममधून केवढ्याला उचलली होती माहितीये?" तिथेच आपण गळाला लागतो. त्याच्या बिलातला कर आता राहिलेलाच नाही!

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या बाइकवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. म्हणजे करापूर्वी एक लाखाची बाइक 1 लाख 28 हजारांऐवजी 1 लाख 18 हजारांना पडते. रोड टॅक्स त्यावर लागतो, तोही कमी. रस्ता आणि ट्रेल दोन्हीला चालणारी हीरो एक्सपल्स याच गटातली. नवी स्वस्त झाली की जुनीनेही उतरायला हवं ना? त्यामुळे आजचं ऑन-रोड कोटेशन मोबाइलवर घेऊनच जा.

मोठ्या गाड्यांचं मात्र उलटं झालंय. 350 सीसीच्या वर सेस धरून 31 टक्के होते, ते थेट 40 झाले. 411 सीसीची हिमालयन नवी मिळत नाही आणि तिच्या जागी आलेली 450 या 40 टक्क्यांत बसते. त्यामुळे जुन्या हिमालयनचा मालक किमतीवर अडून बसला, तर तो अगदीच चुकीचा नाही. पॉकेटमनीवाल्यांना घासाघीस करायला जागा आहे ती लहान इंजिनात.

हीरो इम्पल्स दिसली की अनेकांचं मन पाघळतं (माझंही). पण ती 2011 मध्ये आली. सुरुवातीच्या गाड्यांची 15 वर्षं 2026 मध्ये भरतात. मग नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर आलाच.

आता गाडीकडे. चकाचक टाकी बघू नका, खाली वाका. इंजिनाखालच्या पत्र्यावरचे पोचे, फोर्कच्या सीलमधून झिरपणारं तेल, ढिले स्पोक, एअर फिल्टरमधली माती यावरून गाडी किती आपटलीय ते कळतं. पुढचं चाक उचलून हँडल हळूच फिरवा. मध्येच अडकलं तर बेअरिंग गेलंय. मातीत चालवलेली गाडी वाईट नसते, फक्त तिचं रनिंग किलोमीटरमध्ये मोजू नका.

आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर एनओसी मागा, थकलेली ई-चलानं तपासा. एप्रिल 2019 आधीची गाडी असेल तर एचएसआरपी प्लेट बसवलीय का, तेही बघा. दुरुस्तीचा खर्च मेकॅनिककडून लिहून घ्या आणि बोलणीत तोच कागद पुढे करा. नुसत्या "दादा, थोडं कमी करा ना"ला कोणी भीक घालत नाही.